नेस्टेड ऑब्जेक्ट (जावास्क्रिप्ट)

ज्या ऑब्जेक्टच्या एखाद्या गुणधर्माचे मूल्य स्वतःच दुसरे ऑब्जेक्ट असते, त्यास जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत नेस्टेड ऑब्जेक्ट म्हणतात. आतल्या पातळीवरील मूल्याचा मार्ग ठाऊक असल्यास तेथे थेट पोहोचता येते. तो ठाऊक नसल्यास संपूर्ण रचना धुंडाळावी लागते.

प्रशासकीय विभागणी हे अशा रचनेचे सोयीचे उदाहरण आहे. कोल्हापूर शहराजवळचे उचगाव हे करवीर तालुक्यात येते. 'भारत' या ऑब्जेक्टमध्ये राज्य, जिल्हा, तालुका व गाव यांची माहिती एकात एक ठेवल्यास उचगावचा मार्ग असा लिहिला जातो :

भारत.महाराष्ट्र.कोल्हापूर.करवीर.उचगाव

(नावे देवनागरीत लिहिण्यास जावास्क्रिप्टमध्ये मुभा आहे.) नावात मोकळी जागा असल्यास किंवा ते चलामध्ये साठवलेले असल्यास टिंबाऐवजी चौकटी कंस वापरतात.

== नसलेले गुणधर्म ==

अस्तित्वात नसलेला गुणधर्म वाचल्यास 'अनडिफाइन्ड' हे मूल्य मिळते. त्याच्याही पुढचा गुणधर्म वाचू गेल्यास मात्र 'टाइपएरर' उद्भवतो आणि तो हाताळलेला नसल्यास आज्ञावलीचे काम थांबते. हे टाळण्यासाठी इक्मास्क्रिप्ट २०२० या आवृत्तीत '?.' हे चिन्ह समाविष्ट झाले. ते सरसकट वापरणे इष्ट नव्हे. 'कोल्हापूर'ऐवजी 'कोल्हापुर' असे लिहिले गेल्यास टिंबाच्या मार्गाने चूक लगेच उघड होते. या चिन्हामुळे ती झाकली जाते आणि उचगावची माहितीच नाही, असा समज होतो. नावांची तुलना काटेकोर असते, तीत ऱ्हस्व-दीर्घाची गय केली जात नाही.

== मार्ग अज्ञात असताना शोध ==

यासाठी रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा हाक देणारे फंक्शन लिहितात. ते प्रत्येक गुणधर्माचे नाव तपासते आणि मूल्य ऑब्जेक्ट असल्यास त्यातही शिरते. 'टाइपऑफ' ही क्रिया 'नल'लाही ऑब्जेक्टच ठरवते. हा भाषेतील जुना दोष असल्याने नलची तपासणी वेगळी करावी लागते. गावाच्या नोंदीतून तालुक्याच्या ऑब्जेक्टकडे परत निर्देश असेल, तर शोध संपतच नाही. म्हणून भेट दिलेली ऑब्जेक्टे 'वीकसेट'मध्ये नोंदवतात.

पहिले नाव जुळताच थांबणारे फंक्शन पुष्कळदा पुरेसे मानले जाते. परंतु कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातही उचगाव नावाचे गाव आहे. अशा फंक्शनला ज्या राज्याची नोंद आधी झाली असेल, तेथील उचगाव सापडेल आणि दुसरे कधीच दिसणार नाही. त्यामुळे जुळलेल्या सर्व नोंदी, त्याही प्रत्येकीच्या पूर्ण मार्गासह, परत करणारे फंक्शन अधिक विश्वासार्ह ठरते.