कट फसू नये, असं का वाटतं?

1944 ते 1960 या काळात हॉलिवूडमध्ये खुनाच्या कटावरचे जे चित्रपट निघाले, त्यांतले मोजके आजही श्वास रोखून पाहिले जातात. खुनी कोण, हे त्यांतल्या बहुतेकांत लपवलेलं नाही. बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’त (1944) विमा एजंट वॉल्टर नेफ सुरुवातीलाच गुन्हा कबूल करतो. हिचकॉकच्या ‘डायल एम फॉर मर्डर’मध्ये (1954) बायकोला मारायचा टोनीचा बेत खून होण्याआधीच आपल्याला तपशिलासकट कळतो. रहस्य असं आधीच फोडल्यावरही ओढ टिकते, कारण हे चित्रपट आपल्याला नकळत कटात सामील करून घेतात.

याचा पुरावा कट अडखळतो त्या क्षणांत सापडतो. ‘डबल इन्डेम्निटी’त फिलिसच्या नवऱ्याचं प्रेत रुळांवर टाकून ती आणि नेफ गाडीत बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. ती सुरू व्हावी, असं आपल्याला वाटतं. टोनीचं घड्याळ बंद पडलेलं असतं. बायकोला मारेकऱ्याच्या टप्प्यात आणणारा फोन करायला तो धावतो, तर फोनपाशी दुसराच कुणी बोलत उभा. इकडे पडद्याआड दबा धरलेला मारेकरी कंटाळून निघायच्या बेतात. फोन वेळेत लागावा, म्हणून जीव आपलाच खालीवर होतो. ‘सायको’त (1960) खुनी कोण हे दडवलेलं आहे, तरी मेरियनची गाडी दलदलीत बुडता बुडता थबकते तेव्हा ती बुडवणाऱ्या नॉर्मनइतकेच आपणही धास्तावतो.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी संकलनाची करामत. अडलेलं काहीही जवळून दाखवलं की ते सुटावंसं वाटणारच. पण ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मध्ये (1951) खुनी ब्रूनो गटारात पडलेल्या लायटरसाठी बोटं ताणत असतो, त्याच वेळी त्या लायटरमुळे खुनात गोवला जाणारा गाय टेनिसचा सामना लवकर संपवायला धडपडत असतो. दोघांपैकी एकच यशस्वी होऊ शकतो, हे ठाऊक असूनही आपण दोघांच्याही बाजूने झुरतो. सहानुभूती न्याय-अन्याय पाहून जात नाही, जो धडपडतो त्याच्याकडे जाते, हे इथे स्पष्ट दिसतं, आणि ते दाखवून देणं ही नुसती करामत नव्हे. दुसरा आक्षेप असा, की शेवटी गुन्हेगार सापडतोच, म्हणजे खरं समाधान न्यायाचं. 1934पासून कडकपणे अंमलात आलेल्या हॉलिवूडच्या निर्मितिसंहितेमुळे गुन्ह्याला शिक्षा दाखवणं भागच होतं, हे खरं. पण शिक्षा ठरलेली होती, म्हणूनच दिग्दर्शकांना मधल्या वाटेवर प्रेक्षकाला बिनधास्त गुन्हेगाराशेजारी बसवता आलं. हे अनैतिक आहे का? मला उलट वाटतं. आपण सज्जन आहोत, हा विश्वास किती सहज डळमळतो, हे कुणाचंही नुकसान न होता कळणं, याहून मोलाची नैतिक शिकवण सिनेमा क्वचितच देतो.