पांढरीतील धातू, कचरा आणि नाण्यांचा शोध : वऱ्हाडच्या संदर्भात

वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात : पिकाची काळी व वस्तीची पांढरी. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली व पुन्हा उभी राहिली, चुलीची राख आणि भिंतींची माती थरावर थर साचत गेली व पांढरीचे टेकाड तयार झाले. ही माती खत म्हणून शेतात नेण्याची आणि धाब्यावर पसरण्याची रीत जुनीच आहे. त्यामुळे वरूडसारख्या भागात संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे घेताना एखादे जुने नाणे हाती आले तर त्यात नवल नाही. छंद म्हणून नाणी शोधणाऱ्यांच्या हाती आता धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर आले आहे. कचऱ्याने भरलेल्या अशा जागी हे यंत्र काय सांगते व काय लपविते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीतील धातूमध्ये भोवरा प्रवाह उत्पन्न करते. त्या प्रवाहाचा प्रतिसाद किती विलंबाने परत येतो, यावरून धातूचा अंदाज बांधला जातो. चांदीचा रुपया किंवा जाड तांब्याचा ढब्बू पैसा सहसा स्पष्ट ओळखू येतो. सातवाहनांची लहान नाणी मात्र पुष्कळदा शिशाची किंवा पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची असतात. त्यांचा संकेत आणि गोळ्यांच्या पाकिटावरील ॲल्युमिनियमचा संकेत यांत फारसा फरक राहत नाही. नाण्याशेजारी खिळा पडलेला असेल, तर खिळ्याच्या प्रतिसादात नाणे झाकले जाते. यावर उपाय म्हणून लहान वेटोळे वापरतात, ते सावकाश फिरवतात आणि तीच जागा आडव्या दिशेनेही तपासतात. शिवाय बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत चुंबकीय खनिजे असल्याने जमीन स्वतःच यंत्राला प्रतिसाद देते, ही अडचण वेगळीच.

बैलाची नाल, वखराची पास, चाकाच्या धावेचे तुकडे यांनी कंटाळलेला शोधक यंत्रावरील लोखंड वगळण्याची सोय सुरू करतो. विदर्भात मात्र सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी संभवते. या प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाचा मोठा आधार लोखंडच आहे. नागपूरजवळील माहूरझरीच्या महापाषाणीय दफनांत घोड्यांचे लोखंडी लगाम मिळाले आणि नायकुंड येथे लोखंड वितळविण्याची भट्टी उजेडात आली. ही इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील सामग्री आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती आणि कालचा गंजका खिळा एकाच वर्गातील.

नाण्याचे मोलही ते कोठे व कोणत्या नाण्यांसोबत सापडले, यावर बरेचसे अवलंबून असते. तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. पुराणांच्या वंशावळीत नसलेली कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही नावे त्यातून पुढे आली. तीच नाणी सुटी होऊन बाजारात गेली असती, तर ही नावे कोणत्या राजांच्या नाण्यांसोबत आढळली, हे सांगता आले नसते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास तिची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. न दिल्यास सापडविणाऱ्याचा हिस्सा जातो व शिक्षाही होऊ शकते. दहा रुपयांची मर्यादा त्या काळची. आज साधे तांब्याचे नाणेही तीत येते. संरक्षित स्थळी तर परवान्याशिवाय उत्खनन करताच येत नाही.

तरीही यंत्र त्याज्य ठरत नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ च्या वणव्याने गवत जळाले. पुढील वर्षी पुरातत्त्वज्ञांनी तेथे धातुशोधक यंत्रे फिरवून गोळ्या व काडतुसांच्या जागा नकाशावर नोंदविल्या आणि त्यांवरून सैनिकांच्या हालचाली मांडल्या. अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या सैन्याशी भोसले व शिंदे यांच्या फौजांची लढाई झाली. तेथेही पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने, महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांना एकत्र घेऊन अशी पाहणी करता येईल. मात्र त्या वेळी लोखंड वगळण्याची सोय बंद ठेवावी लागेल आणि प्रत्येक तुकड्याची जागा, खोली व दिशा तो उचलण्यापूर्वी लिहून घ्यावी लागेल.