कार्डावरची रात्र

सिंधुदुर्गातल्या एका गावच्या जत्रेत दशावताराचं चित्रीकरण केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. देवाची पालखी देवळाभोवती फिरून आत गेली, मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार हा पूर्वरंग सुरू झाला, मग आख्यान रंगलं आणि पहाटे दहीहंडी फुटली. तोवर कॅमेऱ्यातलं ३२ जीबीचं दुसरं कार्ड भरत आलं होतं. दुसऱ्या रात्री शेजारच्या गावात पुन्हा जत्रा होती आणि आमच्याकडे कार्डं दोनच. सकाळी यजमानांच्या पडवीत लॅपटॉप उघडून मी फुटेज उतरवायला बसलो.

कार्डात फोल्डरच्या पोटात फोल्डर होते. अगदी आतल्या ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरमध्ये आठ फाइली सापडल्या, ०००००पासून ००००७पर्यंत. त्या उचलून मी हार्डडिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये टाकल्या. दुसऱ्या कार्डातल्या फाइलीही तिथेच टाकायला गेलो, तेव्हा संगणकाने विचारलं, ‘या नावाच्या फाइली आधीच आहेत, बदलू का?’ रात्रभर जागलेल्या डोळ्यांना ती नेहमीची विचारणा वाटली. मी ‘हो’ म्हटलं. मग दोन्ही कार्डं कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केली आणि रात्री त्यांच्यावरच पुढच्या गावचं नाटक भरलं.

पुण्याला येऊन टाइमलाइन लावली, तर नाटक आख्यानाच्या मध्यावरच सुरू होत होतं. पहिलं कार्ड अख्खं गेलं होतं. आडदशावतारातले गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि संकासुर, सगळेच. पुढे त्या दशावतारी मंडळातल्या लोकांना उरलेला भाग दाखवला, तेव्हा एका जुन्या कलाकाराने शांतपणे विचारलं, “संकासुर खंय आसा?”

दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. त्या रात्री संकासुर जे बोलला ते त्याला स्वतःलाही पुन्हा तसंच बोलता आलं नसतं. म्हणून संकलनाबद्दल कुणी विचारलं की मी सॉफ्टवेअरच्या आधी कार्डाबद्दल बोलतो. संकलनाचं पहिलं काम म्हणजे फुटेज उतरवणं. ते चुकलं तर पुढचं कौशल्य कशाच्या कामी येणार?

टेपच्या काळात हा धोका नव्हता. मिनी डीव्हीची कॅसेट तासाभराची असे. ती संगणकात घ्यायला तासच लागे आणि तो तासभर संकलक पडद्यासमोर बसलेला असे. त्यामुळे एक फेरी पाहणं आपोआप व्हायचं. काम झालं की कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून ती कपाटात जायची. मूळ माल कपाटात शाबूत आहे, एवढा भरवसा त्यातून मिळत असे. कार्डाचं उलट झालं. ते महाग, म्हणून पुन्हा वापरायचं. म्हणजे मूळ प्रत आपण स्वतःच्या हाताने पुसतो आणि उतरवून घेतलेली नक्कल तीच मूळ प्रत होते. हा बदल लहान नाही, पण आपल्याकडे तो कुणी कुणाला नीट समजावून सांगितला नाही.

पॅनासॉनिकने २००४ साली पी-टू कार्ड आणलं. त्याच्या सुरुवातीच्या कार्डांत चक्क चार एसडी कार्डं एकत्र जोडलेली होती. ८ जीबीच्या कार्डावर एचडीचं चित्रण जेमतेम आठ मिनिटं मावायचं. पुढे सोनीची एसएक्सएस कार्डं आली आणि २००८च्या कॅनन फाइव्ह डी मार्क टू कॅमेऱ्याने फोटोवाल्यांनाच चित्रपटाची भाषा दिली. टेपला शेवटचा मोठा धक्का निसर्गाने दिला. मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीत जपानमधल्या सेंदाईजवळच्या सोनीच्या टेप-कारखान्याचं नुकसान झालं, जगभर एचडीकॅम एसआर टेपची टंचाई झाली आणि रेंगाळलेले लोकही फाइलींकडे वळले.

आमचा कॅमेरा एव्हीसीएचडी जातीचा होता. सोनी आणि पॅनासॉनिकने ही पद्धत २००६ साली आणली आणि लग्नाच्या शूटिंगपासून माहितीपटांपर्यंत सगळीकडे ती पसरली. तिच्या कार्डात चित्र एका फोल्डरमध्ये असतं, प्रत्येक क्लिपची माहिती दुसऱ्यात आणि कुठल्या क्लिपमागे कुठली क्लिप येते याची यादी तिसऱ्यात. नवशिका माणूस चित्र तेवढं उचलतो आणि बाकीचा पसारा कचरा समजून टाकून देतो. मीही तेच केलं होतं. पोथीची पानं उचलावीत आणि पानांचे आकडे फाडून टाकावेत, तसं ते होतं.

त्या आकड्यांचं मोल मोठं. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फॅट-३२ नावाची मांडणी असते आणि तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सेकंदाला २४ मेगाबिट या वेगाने चित्रण चाललं, तर सुमारे २३ मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते. कॅमेरा थांबत नाही, तो फाइल तोडून पुढची सुरू करतो. काही कॅमेरे तर २ जीबीलाच तोडतात. बघणाऱ्याच्या लेखी तो एकच अखंड शॉट असतो, पण कार्डावर त्याचे आठ तुकडे पडलेले असतात. नुसते तुकडे टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवले की सांध्यावर काही फ्रेम गळतात, आवाज क्षणभर तुटतो. भारतातल्या २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ऐकायला हे नगण्य, पण पखवाजाची थाप तेवढ्यात निघून जाते.

उरलेल्या कार्डाच्या फुटेजमध्ये नेमकं हेच झालं. एका राजाच्या तोंडचा शब्द अर्ध्यावर तुटला होता. तो गेलाच असं मी धरून चाललो होतो. मग एका अनुभवी संकलकाने ते तुकडे टाइमलाइनवर न ठेवता फाइल म्हणूनच टोकाला टोक लावून जोडून दाखवले आणि शब्द पूर्ण ऐकू आला. तो हरवला नव्हताच, दोन फाइलींत वाटला गेला होता. अख्खं कार्ड फोल्डरांसकट उतरवलं असतं आणि प्रीमियरच्या मीडिया ब्राउझरमधून आत घेतलं असतं, तर सॉफ्टवेअरने यादी वाचून ते तुकडे आपणहून एक क्लिप म्हणून दाखवले असते. फाइलीवर फाइल चढण्याचं कारणही त्यातच होतं. ताजं फॉरमॅट केलेलं कार्ड पुष्कळ कॅमेऱ्यांत पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं, म्हणून दोन कार्डांतल्या फाइली नावाने जुळ्या निघतात. आता मी प्रत्येक कार्डासाठी तारीख, गाव आणि कार्डाचा क्रमांक घातलेला वेगळा फोल्डर करतो आणि कार्डातली एकही फाइल इकडची तिकडे करत नाही.

पुढचा प्रश्न टाइमलाइनवर येतो. फुटेज अडखळतं, तेव्हा लोक संगणकाला दोष देतात. खरं कारण चित्र साठवण्याच्या पद्धतीत असतं. दशावताराच्या रंगमंचावर एक पडदा आणि एक लाकडी बाक, एवढंच सामान असतं. नट तलवार फिरवतो तेव्हा बाक जागचा हलत नाही. एव्हीसीएचडी याचा फायदा घेतं. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवायचं आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त काय बदललं ते टिपायचं. त्यामुळे पाच-सहा तासांची रात्र दोन छोट्या कार्डांत मावते. पण संकलक मधल्याच एखाद्या फ्रेमवर कट मारायला जातो, तेव्हा ती फ्रेम पूर्ण अशी कुठेच नसते. संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत तिच्यापर्यंत यावं लागतं. ॲपलच्या प्रोरेझमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून फायनल कटवर काम करणारे फुटेज आधी त्यात बदलून घेत. काम हलकं होई, जागा मात्र सुमारे पाचपट लागे. लग्नांचं मिक्सिंग करणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक खोल्यांत एडियस हे सॉफ्टवेअर रुजलं, ते या बदलण्याच्या वेळेपायीच. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज ते आहे तसं एकाच टाइमलाइनवर घेतं आणि वऱ्हाड परतायच्या आत हायलाइट्स मागणाऱ्यांना तेच हवं असतं. माझा कल आता प्रॉक्सीकडे आहे. हलक्या नकलांवर कट करायचे आणि शेवटी मूळ फुटेज जोडून रेंडर काढायचा. फाइलींची नावं जुळी असली, तर या जोडणीतही भलतंच दृश्य येऊन बसतं.

फुटेज उतरवल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार जुळले म्हणजे नक्कल बरोबर, असं मानू नये. फाइलीतल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने एक छोटी खूण काढता येते. तिला चेकसम म्हणतात. एक बिट बदलला तरी खूण बदलते. दा विंची रिझॉल्व्हमधलं क्लोन टूल नक्कल करताना हा पडताळा घेतं आणि ते मोफत आवृत्तीतही मिळतं. दोन वेगळ्या डिस्कवर पडताळलेल्या नकला झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही आणि त्यातली एक डिस्क परतीच्या प्रवासात दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवायची. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावं. भरलेल्या कार्डाची छोटी खिट्टी लगेच ‘लॉक’कडे सरकवावी. ती फक्त वाचकयंत्राला केलेली खूण असते, प्रत्यक्ष कुलूप नव्हे, पण थकलेल्या हाताला तेवढा अडसर पुरतो. आणि चुकून काही पुसलं गेलंच, तर त्या कार्डावर पुढे काहीही चित्रित करू नये. पुसणं म्हणजे बहुधा यादीतून नाव काढणं असतं, खालचं फुटेज बराच वेळ तसंच राहतं. त्या सकाळीच घोळ लक्षात आला असता आणि मी हे जाणत असतो, तर दुसऱ्या रात्री कॅमेरा बंद ठेवून कार्डं तशीच पुण्याला नेली असती.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा कोकणात गेलो. कार्डं आठ होती, डिस्क दोन. सकाळी नकला चालू असताना फुटेज पहिल्यापासून लावलं आणि उठलो नाही. संकासुर बोलता बोलता थांबतो, तेव्हा पखवाजवाला त्याच्या पायांकडे बघत असतो आणि पाऊल हलायच्या किंचित आधी थापेसाठी हात उचलतो. रात्री कॅमेऱ्यामागे उभा असताना हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी वहीत टाइमकोड लिहून घेतला. तिथे कट मारायचा नाही, असं त्यापुढे लिहिलं.