गिळण्याच्या स्नायूंचा व्यायाम : उपकरणे, उपयोग आणि मर्यादा

पक्षाघातातून सावरत असलेला रुग्ण घरी परततो. हातपाय हळूहळू चालू लागतात, घरची मंडळी समाधान पावतात. परंतु पाण्याचा घोट घेतला की ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओलसर येतो आणि काही दिवसांनी पुन्हा ताप भरतो. अशा रुग्णास कास-ज्वराचा समजून आपण काढा लिहून देतो. वस्तुतः त्याला सर्वाधिक धोका असतो तो अशा पातळ द्रवाचाच. घोटाचा काही अंश अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून फुप्फुसदाह उद्भवतो. कित्येकदा तर ठसकाही लागत नाही, त्यामुळे हा प्रकार ध्यानातच येत नाही.

अशा रुग्णांपैकी काहींना गळ्याच्या स्नायूंचा प्रतिरोधी व्यायाम लाभदायक ठरतो. त्यासाठीची उपकरणे अलीकडे बाजारात मिळू लागली आहेत आणि औषधविक्रेत्यांकडे त्यांची विचारणाही होते. ही उपकरणे नेमके काय करतात, कोणासाठी योग्य आहेत आणि कोणासाठी नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गिळण्याची क्रिया

वाग्भटाने अन्नप्रवेश हे प्राणवायूचे कर्म सांगितले आहे. श्वास आणि अन्न या दोहोंचा मार्ग गळ्यात एकत्र येतो, हे ध्यानी घेतले की या वर्णनाचे मर्म कळते. घास घशात येताच हनुवटीखालील स्नायू कंठास्थी आणि स्वरयंत्र यांना वर व पुढे ओढतात. त्यामुळे श्वासमार्ग झाकला जातो आणि त्याच ओढीने अन्ननलिकेचे वरचे द्वार उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. ही ओढ दुबळी झाली की द्वार पुरेसे उघडत नाही, घासाचा शेष घशाच्या खळग्यांत साचतो आणि पुढच्या श्वासाबरोबर खाली उतरतो. वार्धक्यातील मांसधातुक्षय, पक्षाघात, कंपवात आणि मुख व गळ्याच्या कर्करोगावरील किरणोपचार ही या दौर्बल्याची प्रमुख कारणे होत.

इतर स्नायूंप्रमाणे या स्नायूंनाही नेहमीपेक्षा अधिक भार दिला, तो क्रमाक्रमाने वाढविला आणि सातत्य राखले, तरच बळ येते. व्यायाम थांबला की मिळविलेले बळही ओसरू लागते.

व्यायामाचे प्रकार

पहिल्या प्रकारास कोणतेही उपकरण लागत नाही. अमेरिकेतील डॉ. रेझा शेकर यांनी १९९७ मध्ये वृद्धांवरील अभ्यासातून तो मांडला. उताणे झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके वर उचलावयाचे असते. एक मिनिट धरून एक मिनिट विश्रांती, असे तीन वेळा केल्यानंतर सलग तीस वेळा डोके उचलावयाचे. हा क्रम दिवसातून तीनदा, सहा आठवडे चालतो. परिणामी अन्ननलिकेचे वरचे द्वार अधिक उघडते, असे दिसून आले. मात्र मान दुबळी असलेल्या वृद्धांना हा व्यायाम झेपत नाही.

दुसरा प्रकार बसून करावयाचा आहे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाचा, हवा भरलेला रबरी चेंडू धरून हनुवटीने तो दाबावयाचा असतो. सिंगापूर येथे २०१४ मध्ये निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात, डोके उचलण्याच्या तुलनेत यात हनुवटीखालील स्नायू अधिक कार्यरत होतात, असे आढळले. स्प्रिंग लावलेली महागडी उपकरणेही याच तत्त्वावर चालतात.

तिसरे उपकरण उच्छ्वासाचे होय. नाकास चिमटा लावून नळीत जोराने फुंकावयाचे. ठरविलेला दाब गाठल्याखेरीज आतील झडप उघडत नाही. यात उच्छ्वासाच्या स्नायूंबरोबर हनुवटीखालील स्नायूंनाही श्रम होतात, आणि खोकल्याचा जोर वाढतो हा अधिक लाभ. फ्लॉरिडा येथील २०१० च्या अभ्यासात कंपवाताच्या साठ रुग्णांचे दोन गट केले होते. रोज पंचवीस फुंका, आठवड्यात पाच दिवस, चार आठवडे असा क्रम ठेवल्यावर उपकरणाचा खरा दाब मिळालेल्या गटात गिळताना श्वासमार्गाचे रक्षण सुधारले. तेथे दाब रुग्णाच्या कमाल शक्तीच्या तीन चतुर्थांश ठेवला होता. आपल्या शास्त्रातील अर्धशक्तीची मर्यादा सर्व शरीराच्या व्यायामासाठी आहे; मोजक्या स्नायूंच्या अल्पकालीन व्यायामाचे हे माप निराळे आहे. तथापि दौर्बल्य आणि श्रम पाहून मात्रा ठरविणे दोन्हीकडे समान.

औषधविक्रेत्यांनी येथे एक भेद लक्षात ठेवावा. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेले तीन चेंडूंचे उपकरण सामान्यतः श्वास आत ओढण्यासाठी वापरले जाते. ते वरील झडपेच्या उपकरणास पर्याय नव्हे.

कोणास वर्ज्य?

घन पदार्थ छातीत अडकत असेल आणि वजन घटत असेल तर अन्ननलिकेत अडथळा असू शकतो. तेथे व्यायामात वेळ न दवडता दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. थोड्याशा श्रमाने स्नायू थकतात अशा विकारांत प्रतिरोधी व्यायामाने अपाय संभवतो. मानेच्या मणक्यांचा विकार असल्यास डोके उचलण्याचा व्यायाम टाळावा. अनियंत्रित रक्तदाब, नुकताच झालेला पक्षाघात, अंत्रवृद्धी किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असताना फुंकण्याचे उपकरण देऊ नये.

आपली चिकित्सा आणि हा रुग्ण

ज्यास ठसका लागतो त्यास कोरडे चूर्ण, पातळ काढा किंवा मोठी गुटी देण्यापूर्वी थांबावे. गंडूष आणि नस्य यांबाबत तर विशेष दक्षता हवी. तेल श्वासमार्गात गेले तर खोकला येतोच असे नाही, आणि फुप्फुसात उतरलेले तेल चिवट स्वरूपाचा दाह निर्माण करते. कोणत्या घट्टपणाचा पदार्थ सुरक्षित आहे हे तपासणीनंतर ठरावे आणि औषधकल्पनाही त्यानुसार निवडावी.

यासाठी प्रत्येक वृद्ध, पक्षाघाती व कंपवाती रुग्णास चार प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज बदलतो का? जेवणास पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो का? वारंवार ताप किंवा वजनात घट आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. बेरियम मिसळलेला घास गिळताना घेतलेली क्ष-किरण चलत्चित्रे किंवा नाकावाटे घातलेली दुर्बीण यांद्वारे दोष नेमका कोठे आहे ते कळते. बाहेरून पाहून ते कळत नाही.

अष्टमी, रोहे वा पेण येथील वैद्यास हा मार्ग अशक्य नाही. वाचा व श्रवण यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्रे येथे आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील शाखा तर आपल्याच जिल्ह्यात आहे. रोह्याहून रेल्वेने पनवेल गाठून तेथून पुढे जाता येते. किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाने गिळण्याचे व्यायाम उपचार संपल्यावर नव्हे, तर आरंभापासूनच विचारून घ्यावेत. किरणांनी ताठरलेले स्नायू पुढे सहजी वळत नाहीत.

तपासणी झाल्यावर रुग्ण परत आपल्याकडेच येतो, आणि तेथून आपले कार्य सुरू होते. व्यायाम रोज होतो की नाही हे पाहणे, आहार व बृंहण सांभाळणे, बैठक ताठ ठेवून लहान घास घेण्याची सवय लावणे आणि मुखाची स्वच्छता राखणे हे सहा आठवडे नेटाने करून घेणारा वैद्य जवळ असेल, तर साधा रबरी चेंडूही पुरेसा ठरू शकतो. असा वैद्य नसेल तर महागडे उपकरणही कपाटातच राहते.