ड्रॅग रेसच्या गाडीतलं स्विच पॅनल कसं बनवतात? आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बटण गाडीच्या मागे का असतं?

ड्रॅग रेस ही मोटारींची सगळ्यात सोपी दिसणारी शर्यत. सरळ रस्ता, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, आधी पार करायचं. अमेरिकेत या खेळाचं मोठं प्रस्थ आहे आणि १९५१ साली स्थापन झालेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, त्याचे नियम ठरवते. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. घरच्या गॅरेजमध्ये मेहनतीने तयार केलेली गाडी हे अंतर दहा-अकरा सेकंदांत कापते आणि शेवटी तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो.

अशा गाडीत डोकावून पाहिलं तर रेडिओ नाही, एसी नाही, बऱ्याचदा किल्लीसुद्धा नाही. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ओळीने बसवलेले धातूचे खटके दिसतात, एखाद्यावर लाल झाकण. विमानाच्या कॉकपिटची नक्कल वाटते आणि थोडी हौस त्यात असतेच. पण मूळ कारण वेगळं आहे. साध्या गाडीत किल्ली फिरवली की इंजिन, इंधनाचा पंप, पंखा हे सगळं आपापलं ठरवून चालतं. रेसच्या गाडीत ड्रायव्हरला यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे चालू-बंद करायची असते. उदाहरणार्थ, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत इंजिन बंद ठेवून फक्त पाण्याचा विजेवर चालणारा पंप आणि पंखा चालवायचा, म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत इंजिन गार होतं.

मग पॅनलवर असतं काय? इग्निशन, सेल्फचं दाबायचं बटण, इंधनाचा पंप, पाण्याचा पंप, पंखा आणि दिवे हे तर आलंच. त्याशिवाय दोन खास गोष्टी. एक ‘लाइन लॉक’. शर्यतीआधी मागची चाकं ओल्या जागेवर जोरात फिरवून टायर तापवतात. त्या वेळी गाडी पुढे जाऊ नये म्हणून हा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह फक्त पुढच्या चाकांचे ब्रेक दाबून धरतो. दुसरी ‘ट्रान्सब्रेक’. यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स असे दोन्ही गिअर एकाच वेळी पडतात. गाडी जागची हलत नाही, इंजिन मात्र गुरगुरत राहतं. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी उसळते. हे बटण बहुतेक जण पॅनलवर न ठेवता स्टिअरिंगवर लावतात, कारण तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब चालतो.

आता खऱ्या कामाकडे वळू. नवखा माणूस इथे सरळ विचार करतो: बॅटरीतून वायर आणली, स्विचमधून घेतली, पंपाला जोडली, झालं! दिवा लावायचा असेल तर हे चालेल. इंधनाच्या पंपाला नाही.

गाडीचं वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून बॅटरी अनेकदा डिक्कीत हलवलेली असते. पंपही टाकीजवळ, म्हणजे मागेच. पण स्विच पुढे, ड्रायव्हरच्या हाताशी. म्हणजे वीज पाच मीटर पुढे येणार आणि पाच मीटर परत मागे जाणार. घरात प्लगसाठी वापरतात तशा अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या दहा मीटर तांब्याच्या वायरचा रोध साधारण ०.०८ ओहम. पंप १५ अँपिअर ओढत असेल तर १५ गुणिले ०.०८, म्हणजे १.२ व्होल्ट वायरमध्येच जिरले. बारा व्होल्टच्या गाडीत हा दहावा हिस्सा झाला. पंप मंदावतो, दाब कमी पडतो आणि ऐन भरात इंजिनला इंधन अपुरं मिळतं. इंधन कमी आणि हवा जास्त झाली की सिलिंडरमधलं तापमान वाढतं आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. एवढा खर्च एका वायरपायी!

यावर उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेने चालणारा स्विच. त्याच्या पायांवर छापलेले आकडे जगभर सारखेच असतात: ८५ आणि ८६ हे आतल्या छोट्या चुंबकाचे, ३० ला बॅटरीकडून येणारी वीज, ८७ मधून ती पंपाकडे जाते. चुंबकाला लागते जेमतेम ०.१५ अँपिअर. म्हणजे पुढच्या पॅनलपर्यंत फक्त ही चिमूटभर वीज न्यायची; त्यासाठी बारीक वायर पुरते. जड वीज मागच्या मागे, दोन मीटरमध्ये पंपाला पोचते. त्याच अडीचच्या वायरमध्ये आता पाव व्होल्टसुद्धा वाया जात नाही.

रिलेचा आणखी एक फायदा पटकन लक्षात येत नाही. दुकानात टॉगल स्विच घेताना त्यावर ‘२० अँपिअर’ लिहिलेलं दिसतं, पण शेजारी बारीक अक्षरात १२५ व्होल्ट एसी असंही असू शकतं. घरची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसी विजेला असं शून्य नसतं. त्यात मोटर बंद करताना ठिणगी जास्त वेळ तग धरते आणि स्विचच्या आतले बिंदू हळूहळू जळतात, कधी एकमेकांना चिकटतात. खटका खाली, पण पंप चालूच! म्हणून डीसीचा आकडा पाहूनच स्विच घ्यावा आणि मोठं ओझं रिलेवर टाकावं.

फ्यूजबद्दलही एक गैरसमज सर्रास असतो. फ्यूज उपकरण वाचवायला असतो असं वाटतं. खरं तर तो वायर वाचवतो. त्यामुळे तो बॅटरीच्या जितका जवळ, तितका चांगला. फ्यूजच्या आधीची वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणी नाही. आणि इग्निशनला स्वतंत्र फ्यूज हवा. पंख्यात बिघाड झाला म्हणून धावपट्टीच्या मध्यावर इंजिन बंद पडणं, हे टाळता येण्यासारखं आहे.

पॅनलसाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो आणि नेहमीच्या टॉगलसाठी १२ मिलिमीटरचं भोक. पण पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्याचं पॅनल बनवा. ते जागेवर चिकटवा आणि हेल्मेट, हातमोजे, पट्टे असा सगळा जामानिमा करून सीटवर बसा. पट्टे आवळले की खांदा सीटला चिकटतो आणि एरवी सहज पोचणारा हात चार बोटं कमी पडतो. हातमोज्यात दोन खटक्यांच्या मधला फरक कळत नाही, तेव्हा त्यांच्यात भरपूर अंतर हवं. खटके वापराच्या क्रमाने लावावेत. ज्याला चुकून धक्का लागायला नको, त्यावरच झाकण. सगळ्यांवर झाकणं लावली तर ती नुसती शोभा.

इथे एक गंमत. आपल्या घरात बटण खाली दाबलं की दिवा लागतो. अमेरिकेत वर केलं की. रेसच्या गाड्यांमध्ये ‘वर म्हणजे चालू’ हीच रीत आहे आणि आपणही तीच पाळलेली बरी. सगळे खटके असे लावले की धोक्याच्या क्षणी बघायची गरज उरत नाही. तळहात वरून खाली फिरवला की सगळं बंद.

वायरिंग करताना मोठा शत्रू म्हणजे हादरे. डाग दिलेला जोड पक्का वाटतो, पण कथील वायरच्या तारांमध्ये वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर ताठ होऊन हादऱ्यांनी तुटते. त्यामुळे चांगल्या पकडीने दाबून बसवलेले थिंबल जास्त टिकतात. वायर पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

आता गाडीच्या मागच्या बटणाकडे. अपघातात ड्रायव्हर बेशुद्ध झाला तर पुढचं सगळं पॅनल निरुपयोगी. इंधनाचा पंप चालूच राहतो आणि फुटलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनवर पेट्रोल फवारत राहतो. म्हणून एनएचआरएचा नियम आहे: बॅटरी मूळ जागेवरून हलवली असेल तर गाडीच्या अगदी मागच्या भागात, बाहेरून हात पोचेल असा एक मुख्य स्विच हवा. तो बॅटरीच्या धन बाजूला जोडलेला असावा, सगळी वीज तोडणारा असावा आणि ‘ऑफ’ कुठे ते स्पष्ट लिहिलेलं असावं. दाबा-ओढा प्रकारचा असेल तर दाबल्यावर बंद, ओढल्यावर चालू. धावत आलेल्या मदतनिसाला विचार करायला वेळ नसतो, आणि घाईत माणूस ओढत नाही, दाबतो.

यात एक मेख आहे. बॅटरी तोडली तरी इंजिन फिरत असतं, इंजिन अल्टरनेटर फिरवतं आणि अल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवतो. म्हणजे मुख्य स्विच बंद, तरी इंजिन आणि पंप दोन्ही मजेत चालू! यासाठी चार टोकांचे स्विच मिळतात. दोन जाड टोकं बॅटरीसाठी आणि दोन बारीक टोकं इग्निशन किंवा अल्टरनेटरचं नियंत्रण त्याच क्षणी तोडण्यासाठी.

काम झाल्यावर लगेच बॅटरी जोडू नका. आधी मल्टीमीटरने प्रत्येक वायर तपासा. मग एकेका फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून खटका चालू करा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशात पेटतो, वायर मात्र शाबूत राहते. रिलेच्या बारीक वायरवर तो दिसेल न दिसेल इतकाच तापतो. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर लावा आणि आकृती काढून गाडीतच ठेवा. शर्यतीच्या दिवशी बिघाड शोधणारा माणूस दुसराच कुणी असू शकतो.

शेवटची चाचणी इंजिन चालू ठेवून करायची. एकाला मागे पाठवा आणि मुख्य स्विच दाबायला सांगा. इंजिन तत्काळ बंद पडलं पाहिजे. दोन सेकंद जरी घुटमळलं तरी गाडी परत जॅकवर.