धाप का लागते?

मी कला शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण दिवाळीच्या सुट्टीत विहिरीवरून खांद्यावर घागर घेऊन चढण चढताना मला दोनदा थांबावे लागले. आई मात्र डोईवर दोन घागरी घेऊन बोलत बोलत पुढे गेली. "पुस्तकानं पोरगं पार नाजूक झालं बघ," ती हसून म्हणाली. ते वाक्य मनाला लागले. कॉलेजात परतल्यावर ग्रंथालयातून शरीरशास्त्राचे पुस्तक काढले.

स्वस्थ बसलो असता आपले हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते आणि ५ लिटर रक्त शरीरभर फिरवते. श्वास १२ ते १६ वेळा चालतो. चढण लागताच पायांचे स्नायू जादा प्राणवायू मागतात आणि कार्बन डायऑक्साइडही अधिक तयार करतात. याची वर्दी मेंदूला स्नायूंकडून आणि रक्तातून मिळते. मग श्वास जलद व खोल होतो. हृदयही वेग घेते. जोराच्या व्यायामात ते मिनिटाला २० लिटरपर्यंत रक्त फेकते. पोटाकडे जाणारे रक्त कमी होऊन स्नायूंकडे वळते. भरल्या पोटी धावणे जड जाते, त्याचे एक कारण हेच.

म्हणजे धाप लागणे हा काही गुन्हा नव्हे. ती फुप्फुसांची आणि हृदयाची धावपळ आहे. मात्र कामाला सरावलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा निवांत बसून दोघांची नाडी मोजली. आईची ६४, माझी ८२!

तेव्हापासून मी रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारतो. धावून झाल्यावर एकदम थांबत नाही. तसे केल्यास रक्त पायांत साचून घेरी येऊ शकते. म्हणून थोडे चालतो. आता माझी नाडी ७४ वर आली आहे.

पण त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट वाचली आणि गप्प झालो. श्रमाने शरीर बळकट होते, पण त्यासाठी श्रमानंतर विश्रांती आणि पोटभर अन्न लागते. माझ्या व्यायामाला विश्रांती आहे. आईच्या कष्टांना ती कोठे आहे? मित्रहो, अवश्य धावा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत धावणार नाही. पाणी भरणार आहे.