सफारी गाडीचा तरतमभाव

पुण्याजवळ पिंपरीस टाटांच्या कारखान्यांत तयार झालेली ‘सफारी’ मोटार १९९८ सालीं बाजारांत आली. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेंतला, अर्थ प्रवास. मूळ अरबी ‘सफर’. तेव्हां आपल्या मराठी सफरीचेंच हें आफ्रिकेहून फिरून आलेलें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. गाडीहि नांवाला साजेशीच होती. शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, तिजवर उंच धड, आणि हवी असल्यास चारहि चाकांस गति देणारी योजना. इंजिन १९४८ घन सेंटिमीटरचें, डिझेलवर चालणारें; शक्ति सुमारें ९० अश्व. एवढ्या जड देहास ती बेताचीच.

२००५ सालीं तीन लिटरचें आणि २००७ सालीं २.२ लिटरचें ‘डायकॉर’ इंजिन आलें. ह्या इंजिनांची खुबी इंधनाच्या नळींत आहे. सर्व सिलिंडरांस मिळून एकच नळी. तींत डिझेल अतिशय दाबाखालीं सांठविलेलें असतें आणि नेमक्या क्षणीं सूक्ष्म तुषारांच्या रूपानें आंत सोडलें जातें. तुषार जितके बारीक, तितकें ज्वलन पुरें. पुढें २०१२ मध्यें ‘स्टॉर्म’ आली. भारतीय सैन्यानें २०१७ सालीं तिच्या ३१९२ गाड्या मागविल्या. २०१९ मध्यें हा वंश थांबला.

२०२१ च्या फेब्रुवारींत तेंच नांव घेऊन आलेली गाडी मात्र निराळ्या कुळांतली. तिचा पाया लँड रोव्हरच्या आराखड्यावरून घेतलेला, टाटांच्याच ‘हॅरियर’चा, स्वतंत्र चौकट नाहीं, आणि गति पुढच्या दोन चाकांसच. चिखलाच्या वाटेनें ज्यांस नित्य जावें लागतें त्यांस हें खटकलें, तें योग्यच. इंजिन १९५६ घन सेंटिमीटरचें, म्हणजे पहिल्याहून अवघें आठ घन सेंटिमीटर मोठें. पण शक्ति सुमारें १७० अश्व!

आतां श्रेणींविषयीं. लघु, लघुतर, लघुतम म्हटलें कीं विद्यार्थ्यास क्रम कळतो. मोटारवाल्यांचा तरतमभाव इतका सरळ नाहीं. नव्या सफारीस प्रथम एक्सई, एक्सएम, एक्सटी, एक्सझेड अशीं नांवें होतीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत तीं जाऊन ‘स्मार्ट’, ‘प्युअर’, ‘ॲडव्हेंचर’ आणि ‘अकम्प्लिश्ड’ आलीं. ‘शुद्ध’ हा ‘साहसी’च्या खालीं कां, हें कोणत्याहि सूत्रानें सिद्ध व्हावयाचें नाहीं. आणखी एक गंमत. सात आसनांऐवजीं सहा आसनांची ऐसपैस मांडणी वरच्या श्रेणींतच मिळे. पैसे अधिक, माणसें कमी!

छताची कांच, कातडी आसनें, मोठा पडदा यांस जास्त पैसे मोजावे लागले तर आमची तक्रार नाहीं. तो साज आहे. परंतु २०२१ च्या गाडींत खालच्या श्रेणींस हवेच्या पिशव्या दोन आणि वरच्यांस सहा, असा भेद होता. अपघातसमयीं फुगून डोकें व छाती वांचविणाऱ्या पिशव्यांची गणना साजांत करणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कमी पैसे देणाऱ्याच्या घरचीं मुलें कमी मोलाचीं नसतात. २०२३ च्या फेरबदलांत सर्व श्रेणींस सहा पिशव्या दिल्या, हा त्या वर्षींचा खरा सुधार; नवे दिवे व नवें तोंड त्यापुढें गौण. त्याच वर्षीं ‘ग्लोबल एनकॅप’च्या परीक्षेंत मोठ्यांच्या व मुलांच्या संरक्षणाबद्दल तिला पांच-पांच तारे मिळाले. डिसेंबरांत ‘भारत एनकॅप’नें आपले पहिले निकाल जाहीर केले, त्यांतहि सफारी आणि हॅरियर याच दोन गाड्या होत्या, आणि तारे पुन्हा पांचच. चालकाच्या गुडघ्यांपुढची सातवी पिशवी तेवढी वरच्या श्रेणींकडे राहिली.